वाट पाहू, पण सोसणार नाही

(महिला गटांच्या लेखन-शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल दिवसभर आपण लिहायचं कसं, ह्यावर बोललो. माझ्याकडे आलेला विषय त्यानंतरचा आहे. लिहून झालं, प्रकाशकाकडे किंवा संपादकाकडे पाठवलं आणि उत्तर नाही. ह्या मधल्या काळात मन कसं ताळ्यावर ठेवायचं आणि हातांनी काय करायचं? मी प्रकाशन व्यवसायातली नाही. पण आमच्या गटातल्या बायकांनी लिहिलेलं ठिकठिकाणी पाठवायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे ही वाट पाहणी मी जवळून बघते.

ती बहुतेक वेळा अशी होते. पहिला महिना उत्साहाचा. दुसऱ्या महिन्यात बैठकीला आली की ती विचारते, “ताई, काही कळलं का?” तिसऱ्या महिन्यात विचारायचं थांबते. चौथ्या महिन्यात आपण होऊन म्हणते, “जाऊ द्या, माझं लिहिणं ते काय आणि छापणार कोण?” बघा, तिला ‘नाही’ कोणीच म्हटलेलं नसतं. तो नकार तिनंच स्वतःला दिलेला असतो.

असं का होतं? कारण बाईला घरात नकार बहुधा शब्दांत मिळतच नाही. पुढं शिकू का विचारलं, वडील पेपर वाचत राहिले. म्हणजे नाही. माहेरच्या जमिनीतला वाटा मागितला, भाऊ गप्प झाला. म्हणजे नाही. माझ्या नावानं खातं काढू का, ह्यावर नवरा उठून बाहेर गेला. म्हणजे नाही. समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण लहानपणापासून असाच लावायला शिकलो. मग प्रकाशकाची शांतताही आपण त्याच सवयीनं वाचतो.

तिकडे काय चाललेलं असतं?

म्हणून आधी तिकडची बाजू समजून घेऊ. मराठीतल्या अनेक प्रकाशन संस्था लहान आहेत. एखादं कुटुंब, दोन-चार माणसं, एवढाच कारभार. हस्तलिखित वाचायला बहुतेकदा बाहेरच्या कुणाला तरी देतात. ती व्यक्ती आपली नोकरी, घर सांभाळून वाचते. पहिली आवृत्ती पूर्वी हजार प्रतींची धरली जायची. आता ती पुष्कळदा त्याहूनही कमी असते. त्यामुळे कागद, छपाई आणि खपाचं गणित जमेपर्यंत होकारही अडकून राहतो.

मासिकांचंही वेळापत्रक असतं. दिवाळी अंकाचं साहित्य उन्हाळ्या-पावसाळ्यातच जमा व्हायला लागतं. गणपतीनंतर अंक छपाईच्या घाईत असतो, तेव्हा नव्या लेखनाकडे बघायला कुणाला उसंत नसते. आपण नेमकं तेव्हा कथा पाठवतो आणि दिवाळीपर्यंत उत्तर नाही म्हणून कष्टी होतो. तेव्हा पहिले तीन-चार महिने शांततेचा काहीही अर्थ लावायचा नाही, हा पहिला नियम. त्यात होकार नाही, तसा नकारही नाही.

पण हे सगळं समजून घेतलं म्हणून सगळं माफ, असं मी म्हणणार नाही. उत्तर कुणाला लवकर मिळतं? ज्याचं नाव माहीत आहे त्याला. ज्याच्यासाठी कुणीतरी शब्द टाकतो त्याला. वस्तीतल्या किंवा खेड्यातल्या बाईच्या पाकिटाला असं कुणी नसतं. कुणाला ताटकळत ठेवायचं, हे ठरवण्यातही सत्ता असतेच.

म्हणून ‘धीर धरा, सगळं चांगलं होईल’ असा उपदेश मला करायचा नाही. तो आपल्याला जन्मापासून ऐकवला गेला आहे. मी संयम आणि सोसणं ह्यांत फरक करते. संयमाला मुदत असते, सोसण्याला नसते. संयमात हात चालू असतात, सोसण्यात ते बांधलेले असतात. कधी थांबायचं हे संयमात आपण ठरवतो, सोसण्यात दुसरा ठरवतो.

आपल्या आधीच्या बायका

ताराबाई शिंदे ह्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. मग ते जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे ह्यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केलं. मध्ये ९३ वर्षं गेली. ही गोष्ट आपण ‘सत्य शेवटी वर येतंच’ अशा सुरात सांगतो. पण ते बघायला ताराबाई नव्हत्या. आणि ते आपोआप वर आलं नाही. प्रत कुठंतरी टिकली होती, कुणीतरी ती शोधून पुन्हा छापली, म्हणून आलं.

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहीत आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवत. अशी कित्येक वर्षं गेली. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन ह्यांनी त्या लिखाणाची दखल घेतली, छापायला उत्तेजन दिलं. १९८२ मध्ये ‘जिणं आमुचं’ ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यांच्याजवळ चिकाटी होतीच. पण वाट पाहणं संपलं ते एक वाचणारी भेटली आणि छापणारी एक जागा मिळाली म्हणून. आपल्या गटांनी एकमेकींसाठी ती वाचणारी व्हायचं आहे.

करायच्या गोष्टी

आता कामाचं बोलू.

एकुलती एक प्रत कधीही पाठवू नका. हातानं लिहिलेलं असेल तर झेरॉक्स काढा, निदान प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि तो गटातल्या आणखी एकीकडे ठेवा.

गटाची एक वही करा. लेखनाचं नाव, कुठं पाठवलं, तारीख, कुणाशी बोलणं झालं आणि पुढची चौकशी कधी करायची, एवढे रकाने पुरेत. तारीख वहीत गेली की ती रोज डोक्यात वागवावी लागत नाही. मला विचाराल तर मन शांत ठेवायचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला उपाय हाच.

सोबतचं पत्र चार ओळींचं असू द्या. काय लिहिलं आहे, किती पानं आहेत आणि शेवटी, “तीन महिन्यांत निर्णय कळवावा. न कळवल्यास लेखन अन्यत्र पाठवीन.” ‘माझे वेडेवाकडे चार शब्द गोड मानून घ्यावेत’ असं लिहू नका. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवत असाल तर दोघांनाही तसं सांगा. तीन महिन्यांनी एक स्मरणपत्र किंवा फोन. आर्जव नको, रागही नको. आणखी महिना थांबा आणि दुसरीकडे पाठवा.

पत्ता कुणाचा द्यायचा, हा आपल्या कामात फार नाजूक प्रश्न आहे. घरातल्या मारहाणीबद्दल एखादीनं लिहिलेलं असतं. संपादकाचं उत्तर घरी येतं, ते सासरा फोडतो किंवा नवऱ्याच्या मोबाइलवर निरोप येतो. ती लिहिते हे त्या दिवशी घरात कळतं आणि पुढचं आपल्याला माहीत आहे. म्हणून अशा लेखनावर केंद्राचा किंवा गटाचा पत्ता आणि फोन द्यावा. वाट पाहण्याच्या सहा महिन्यांत तिचं आयुष्यही तिथंच थांबलेलं नसतं. ती नांदायला परत गेलेली असते किंवा कोर्टात केस उभी राहिलेली असते. दर महिन्याला तिला विचारा, “अजून छापायचं आहे ना? नाव घालून की बदलून?” ती नको म्हणाली तर लेखन परत मागवा. नाव बदलण्यात कमीपणा नाही. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर ह्या नावानंच प्रसिद्ध केलं होतं.

उत्तर आलं तर

नकार आला तर त्यातलं कारण आठवड्याच्या अंतरानं दोनदा वाचा. ‘लांबलं आहे’, ‘शेवट उरकला आहे’ असं असेल तर ते उपयोगाचं असतं. पण काही कारणं निराळी असतात. आमच्या एका ताईच्या अनुभवावर असं उत्तर आलं, “भाषा प्रमाण करून पाठवा.” ती रात्रभर बसून ‘म्या’चं ‘मी’ करायला निघाली होती. आम्ही ते गटात वाचलं. बायकांनी ठरवलं की शुद्धलेखनाच्या चुका सुधारायच्या आणि बोली तशीच ठेवायची. लेखन दुसरीकडे पाठवलं. त्याला आता पाच महिने झाले, उत्तर अजून नाही. पण तिनं दरम्यान पुढची तीस पानं लिहिली आहेत, त्याच बोलीत. उमेद ठेवणं म्हणजे माझ्या मते एवढंच.

होकार आला तर जास्त सांभाळा. फार वाट पाहिलेली बाई पुढं येईल त्या कागदावर सही करते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लिहिणारीचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. किती काळासाठी दिला हे लिहिलेलं नसेल तर मुदत ५ वर्षं धरली जाते. घेतलेला हक्क १ वर्षात वापरला नाही, तर तो संपतो. मात्र करारात वेगळं लिहिलेलं असेल तर तेच लागू होतं, म्हणून करार वाचून घ्या. कुणी पैसे भरून पुस्तक काढा म्हणालं तर किती प्रती, त्या कुणाच्या ताब्यात आणि विक्रीचा हिशेब कधी, हे लेखी मागा. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे विनामूल्य मिळतो, हेही लक्षात असू द्या.

वाट पाहण्याचा वेळ

राहिला तो मधला वेळ. ‘काली फॉर विमेन’नं १९८९ मध्ये ‘शरीर की जानकारी’ काढलं. ते राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायकांबरोबर तयार झालं होतं. त्या बायकांना उघड्या शरीराची चित्रं पटली नाहीत, म्हणून कपडा उचलल्यावर आतलं शरीर दिसेल अशी चित्रं केली गेली. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी छापण्याआधीच त्यावर मत दिलं आणि ते मानलं गेलं. आपलं हस्तलिखित प्रकाशकाच्या टेबलावर पडलेलं असताना आपल्यालाही हे करता येतं. महिन्यातून एकदा बसून मोठ्यानं वाचा. कुठं बायका हसतात, कुठं गप्प होतात, कुठं ‘आमच्याकडं असं नसतं’ म्हणतात, ते टिपून ठेवा.

छापून नाही आलं तरी चालतं, असं मात्र मी म्हणणार नाही. आपलं म्हणणं छापील कागदावर येणं गरजेचं आहे, नाहीतर आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलंच तेवढं मागं उरतं. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं आणि स्त्री उवाच गटानं ते प्रकाशित केलं, म्हणून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचं बोलणं आज आपल्या हातात आहे.

तेव्हा एक ठरवून उठू या. प्रत्येक गटानं ही वही आजच घालावी आणि ती सांभाळायला एकीचं नाव ठरवावं. तीन महिन्यांनी भेटू तेव्हा कुणाचं काय छापून आलं, हे शेवटी विचारू. आधी प्रत्येकीनं सांगायचं, काय पाठवलं, कुठं पाठवलं आणि आता पुढचं काय लिहायला घेतलं आहे.