शंका आधीच तयार होती



शिकवत असताना दर जूनमध्ये एक प्रश्न मी ऐकत आले: "बाई, मला सायन्स झेपेल का?" विचारणाऱ्या बहुतेक मुलीच असत, आणि त्याही गणित-विज्ञानात उत्तम गुण मिळवलेल्या. त्यांच्याहून कमी गुणांचे मुलगे तोवर फॉर्म भरून मोकळे झालेले असत. हातात गुणपत्रिका असताना ही शंका येते कुठून, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

एका जुन्या अर्जापासून सुरुवात करते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, या आपल्या लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. 1933 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले. मुलीनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. मुलगी आहे म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर ठाण मांडलं. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षाधीन. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचं. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीची आणखी एक वर्ष पारख कशासाठी? तिच्या कुवतीवर शंका घ्यावी असं कागदावर काहीही नव्हतं. शंका आधीच तयार होती, कमलाबाई नंतर आल्या. आज मुलींच्या अर्जाला तसं उत्तर कोणी देत नाही. पण ते परीक्षाधीन वर्ष अनेक मुली आपणहून स्वतःवर लादून घेतात, आणि ते वर्ष काही केल्या संपत नाही.

कमलाबाईंनी तिथे मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, 1936 साली एम.एस्सी. मिळवली. त्यांचं काम पाहून रामन यांनी संस्थेची दारं मुलींना उघडली. पुढे केंब्रिजला बटाट्याच्या ऊतींवर काम करताना वनस्पतींच्या पेशींत श्वसनाला लागणारं 'सायटोक्रोम सी' असतं हे त्यांनी दाखवलं. 1939 साली पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा चाळीस पानांचा. पण बंगळूरचा तो अपमान त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या, आणि त्यांनी का विसरावा?

कोणी म्हणेल, कमलाबाई मुळातच कणखर होत्या, घरही पाठीशी होतं. मग हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणींकडे पाहा. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नाकारून त्यांनी विश्वकोश मागितला होता. 1940 साली त्या रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि खऱ्याखुऱ्या हिऱ्यांवर काम करू लागल्या. एकेका छायाचित्र-पट्टीला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, रात्री तिथेच जात. मुलामुलींनी आपसांत बोललेलं तिथे चालत नसे. विज्ञानातलं निम्मं शिक्षण चहा पिताना, वाद घालताना होतं, आणि तेच त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. एकट्या पडलेल्या मुलीला आपली अडचण फक्त आपलीच वाटते. शेजारचाही तिथेच अडलाय हे तिला कळतच नाही. अण्णाबाईंनी पाच शोधनिबंध लिहिले, 1945 साली प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने म्हटलं, एम.एस्सी. नाही, म्हणून पीएच.डी. देता येत नाही. ती पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

त्यांना भौतिकशास्त्रच करायचं होतं. इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. त्या गेल्या. 1948 साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या, आणि 1953 मध्ये त्यांच्या विभागात हाताखाली 121 पुरुष काम करत होते. सुमारे शंभर उपकरणं देशात बनावीत म्हणून त्यांनी त्यांचे आराखडे प्रमाणित केले. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची धारणा होती. म्हणून प्रत्येक उपकरण आधी प्रमाण उपकरणाशी ताडून पाहायचं, त्यातली चूक काढायची, मगच आकड्यावर विश्वास ठेवायचा.

मुलींनो, "मला जमत नाही" हेही एक मोजमापच आहे. ते कशाशी ताडून पाहिलंत? वर्गात मोठ्या आवाजात उत्तर देणाऱ्याशी? "मुलींचं डोकं गणितात चालत नाही" म्हणणाऱ्या मामांशी? प्रयोग बिघडला की मुलगा म्हणतो, मीटर खराब आहे. मुलगी म्हणते, माझंच चुकलं. दोघांनीही आधी जोडणी तपासावी. आत्मविश्वास येईपर्यंत अर्ज थांबवू नका. तो बहुतेकदा काम करता करताच येतो, कधी काम झाल्यावर. आणि एकटं राहू नका, दोघी-तिघी मिळून अभ्यास करा.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. "झेपेल ना तुला?" हा प्रश्न घरात मुलालाही तितक्याच वेळा विचारत असाल, तरच मुलीला विचारा. आणि शिक्षकांनाही एक सांगणं आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधकांबरोबर काम करण्यासाठी शिष्यवृत्ती देतात. आपल्या कॉलेजातल्या मुलींपर्यंत ती माहिती पोचवणं शिक्षकांच्या हातात आहे. अर्ज त्यांच्याकडून भरून घ्या.

आता प्रश्नोत्तरं. अध्यक्षांची हरकत नसेल तर पहिले तीन प्रश्न मुलींचे घेऊ. प्रश्न अर्धवट सुचला असेल तरी चालेल, तसाच विचारा.