सत्तरीनंतरची महाधमनी
(पीथमपुर येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, हा विषय थंडीतच घेण्याला कारण आहे. महाधमनी आतून फाटण्याचे प्रसंग हिवाळ्यात, त्यातही सकाळी जास्त घडतात, असं जगभरच्या नोंदी सांगतात. पहाटे मफलर गुंडाळून फिरायला जाणाऱ्यांनी घाबरू नये. रक्तदाबाची गोळी तेवढी चुकवू नये.

तुमच्यापैकी बरेच जण 1980 च्या दशकात बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा अशा कारखान्यांच्या निमित्ताने इकडे आलात. तेव्हा तिशीत होता, आता सत्तरीला टेकलात. म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. महाधमनीची भिंत रेडिएटरच्या होजसारखी थराथरांची असते. आतल्या थराला चीर पडली की रक्त थरांच्या मधे घुसतं आणि भिंत सोलत पुढे सरकतं. हृदयालगतच्या भागात हे झालं आणि उपचार मिळाले नाहीत, तर पहिल्या दोन दिवसांत तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असा जुना हिशेब आहे. ‘गॅस असेल, सकाळी बघू’ म्हणणं किती महाग पडतं, ते तुम्हीच मोजा.

हे दुखणं हळूहळू वाढत नाही. छातीत किंवा पाठीत एकदम पुऱ्या जोराने येतं. ईसीजी कधी अगदी साधा निघतो. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर घात होतो. दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक दिसला, तर संशय घ्यावा. खात्री सीटी अँजिओग्राफीने होते. इथून इंदूर काही लांब नाही. वेळ जातो तो एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात.

शस्त्रक्रिया मोठी. शरीर थंड करून, बऱ्याचदा काही मिनिटं रक्ताभिसरणही थांबवून, फाटका भाग काढतात आणि डेक्रॉनची नळी शिवतात. ऐंशीच्या पुढे हे झेपतं का? या आजाराच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीवरून 2010 मध्ये एक अहवाल निघाला. ऐंशी ओलांडलेल्यांपैकी शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच सुमारे 38 टक्के गेले. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे 55 टक्के. पण रुग्ण थोडे, त्यामुळे हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. शिवाय सर्जन टेबलावर घेतात ते त्यातल्या त्यात धडधाकट म्हाताऱ्यांनाच, हेही विसरू नका. माझ्या मते जन्मतारखेपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात: महिनाभरापूर्वी हा माणूस आपल्या पायांनी बाजारात जात होता का, आणि आत्ता मेंदू, आतडी, मूत्रपिंडं यांना रक्त पोचतंय का.

डेक्रॉनची नळी ज्यांनी रूढ केली, त्या ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकींवरच ही वेळ आली. 31 डिसेंबर 2005, वय 97. त्यांनी स्वतः निदान ओळखलं आणि शस्त्रक्रिया नको म्हटलं. फेब्रुवारीत शुद्ध हरपली. त्यांच्या नकाराची नोंद होती, म्हणून रुग्णालयाची नैतिकता समिती बसली. पत्नीने मात्र आग्रह धरला, आणि सहकारी जॉर्ज नून यांनी ऑपरेशन केलं. पुढे व्हेंटिलेटर, डायलिसिस, महिनोन्‌महिने रुग्णालय आणि दहा लाख डॉलरांच्या वरचं बिल. ते पुन्हा कामाला लागले, बरं झालं केलंत म्हणाले, आणि जुलै 2008 मध्ये 99 व्या वर्षी गेले. उलट आइन्स्टाइन. त्यांची पोटातली महाधमनी फुगून फुटली, तेव्हा 76 व्या वर्षी, 1955 मध्ये, त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि ती कुणी लादली नाही. मला दोन्ही पटतं.

डीबेकींच्या दिमतीला अख्खं रुग्णालय होतं. आपल्याकडे मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला, आणि रात्री दोनला फोनवर विचारतात, ‘बाबांना काय चाललं असतं?’ ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. कार्ड काढून ठेवा. पण व्हेंटिलेटर किती दिवस, डायलिसिस चालेल का, अंथरुणाला खिळून राहणं मान्य आहे का, हे त्या कार्डावर कुठेच लिहायची सोय नाही. ते पोरांना तुम्हीच सांगायचं, आणि ‘अशुभ बोलू नका’ म्हणणाऱ्या सौभाग्यवतींच्या समोर सांगायचं, कारण फॉर्मवर सही बहुधा त्यांचीच घेतील.