नकाशातले रंग
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगी देणगीदारांचे गुणगान व्हावे ही रीत आहे, व आमच्या आधीच्या वक्त्यांनी ते उत्तम रीतीने केलेही. आम्ही पडलो शाळामास्तर. फळ्यावर नकाशा टांगल्याशिवाय आम्हांस बोलणे सुचत नाही. तेव्हा नकाशाविषयीच चार शब्द बोलतो.

नकाशावरची रेघ माणसाचे काय करते, हे या सीमाभागाला शिकवावयास नको. 1956 च्या नोव्हेंबरात जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. आणि कित्येकांचे आजोळ एका रात्रीत परराज्यात गेले. त्या रेघेपुढे आपले काही चालले नाही. परंतु आज ज्या रेघांविषयी बोलावयाचे, त्या बीदर आणि कलबुर्गीच्याच कचेऱ्यांत ओढल्या जातात, व त्यांवर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे.

हा कायदा 1961 चा, कर्नाटकाच्या नगर व ग्राम नियोजनाचा. त्यानुसार नगरविकास प्राधिकरण शहराचा आराखडा करते. पिवळा रंग राहत्या वस्तीचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा बागा-मैदानांचा. आराखडा तात्पुरता मंजूर झाला की प्रसिद्ध होतो, आणि आपले म्हणणे मांडण्यास 60 दिवस मिळतात. पुढे कोणास हिरव्याचा पिवळा करून हवा असेल, तर तशी जाहिरात वर्तमानपत्रात यावी लागते व हरकतींसाठी किमान 15 दिवस ठेवावे लागतात. बदल लोकहिताचा असावा असेही कायदा सांगतो. आता लोकहित म्हणजे काय, हे हरकत घेणारा कोणी पुढे आलाच नाही, तर अर्जदारच ठरवून मोकळा होतो! आणि हिरव्या रंगावर विसंबून राहावे तर तेही खरे नव्हे. मैदान म्हणून दाखविलेली खाजगी जमीन 5 वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर ते आरक्षण आपोआप गळून पडते.

आमची फजिती ऐका. आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो, तिच्या मागे मोकळी जागा होती. मुले तेथे कबड्डी खेळत. ईदला तेथेच पाळणे लागत. एके सकाळी तेथे चुन्याच्या रेघा पडलेल्या दिसल्या व कोपऱ्यांवर दगड रोवलेले. आम्ही चार मास्तर तावातावाने कचेरीत गेलो. तेथील कारकून भला माणूस. त्याने कानडी वर्तमानपत्राचे एक कात्रण पुढे ठेवले. मुदत संपून चार महिने झाले होते. लाजेची गोष्ट अशी की, तेच वर्तमानपत्र आमच्या शिक्षकांच्या खोलीत रोज येत असे. आमच्यात कोणी मराठीत शिकलेला, कोणी उर्दूत. बाजारात कानडी सगळेच बोलतो, पण बारीक अक्षरातली सरकारी कानडी आणि तीत सर्व्हे नंबर, ते वाचण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. तो अंक बहुधा कोणाची तरी भाकरी बांधण्यास उपयोगी पडला असावा. जागा गेली ती आमच्या आळसाने. मुले अजून रस्त्यावर खेळतात.

हे केवळ मैदानापुरते नाही. बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील कारेझ आहे. गावचे लोक तिला सुरंग बावी म्हणतात. वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ, आणि दोहोंच्या सांध्यात झिरपणारे पाणी. ते जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने वाहत यावे, अशी ती योजना. बोगद्यात उजेड-वारा जावा व गाळ काढता यावा म्हणून वर जागोजाग विहिरीसारखी तोंडे आहेत. जागतिक स्मारक निधीने बीदरच्या जुन्या शहराचा आपल्या 2014 च्या यादीत समावेश केला, त्या सुमारास कारेझचे महत्त्व पुन्हा लोकांच्या ध्यानी आले आणि गाळही उपसला गेला. पण बोगदा नकाशावर दिसत नाही! वरच्या जमिनीला पिवळा रंग लागला व तिचे प्लॉट पडले, की ही तोंडे बुजतात, आणि कूपनलिका त्याच सांध्यातले पाणी ओढतात. महमूद गवानच्या मदरशासारख्या संरक्षित वास्तूस केंद्राच्या कायद्याचे कुंपण आहे. भोवतालच्या 100 मीटरांत नवे बांधकाम नाही व पुढील 200 मीटरांत परवानगी लागते. त्यामुळे तेथील रहिवाशांना घराच्या डागडुजीसाठीही खेटे घालावे लागतात, ती तक्रार खोटी नाही. सुरंग बावीच्या अंगावरून मात्र कोणाचा प्लॉट जातो, हे आपणच पाहिले पाहिजे.

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे. संस्थेच्या वाचनालयात दोन कानडी वर्तमानपत्रे घ्यावीत. आमच्या वर्गातील मुले आता कानडी झरझर वाचतात. त्यांपैकी दोघांनी रोज सायंकाळी जाहिराती वाचाव्यात व कात्रण वहीत डकवावे. शाळा, दवाखाना, वसतिगृह, कब्रस्तान, या सर्व जागांचे सर्व्हे नंबर भिंतीवर लावावेत, म्हणजे जुळणी क्षणात होईल. हरकत लेखी द्यावी व शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.

दोन्ही वर्तमानपत्रांची वर्षाची वर्गणी आम्ही शिक्षकांनी आजच खजिनदारसाहेबांकडे दिली आहे. सर्व्हे नंबरांची यादी मात्र विश्वस्तांकडूनच यावयाची आहे. गेल्या रमजानपासून आम्ही ती मागत आहोत.