रेशनकार्ड आणि महायुद्ध

आम्हा बायकांच्या हाती रेशनकार्ड आलं, ते दुसऱ्या महायुद्धामुळे. शाळेत आम्ही हिटलर-चर्चिल शिकलो. आपला वाटा मात्र दोन ओळींत उरकला. हिंदुस्थानची २५ लाखांची फौज होती, बर्मापासून इटलीपर्यंत. धान्य, कापड, तंबूही इथून गेले. इंग्रजांनी आपल्या वाट्याचे पैसे लंडनच्या खात्यात नुसते मांडून ठेवले आणि इथे नोटा छापल्या. भाव भडकले. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं उपासमारीने गेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. युद्ध संपलं तेव्हा आपला सावकार इंग्लंडच आपला देणेकरी झाला होता, तोही शंभर कोटी पौंडांहून जास्त! फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ तळावर नौसैनिकांचं बंड पेटलं, ते निकृष्ट जेवणावरून. दीड वर्षात इंग्रज गेले. रेशनचं दुकान अजून आहे.