आवड कोण घडवते?



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत माणसाची आवडनिवड गृहीत धरलेली असते. ती कोठून आली, हे कोणी विचारीत नाही. या गृहीतकाखाली किती विषमता झाकली जाते, हे अमेरिकेतील जीववैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रात स्पष्ट दिसते.

तेथील विद्यापीठांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूळ अमेरिकन प्राध्यापक इतके थोडे का? या प्रश्नाला दीर्घकाळ एकच उत्तर दिले गेले : या समाजांतून पीएच.डी. होणारेच कमी. पाटाच्या तोंडाशी पाणी वाढवा, म्हणजे शेवटच्या शेतालाही ते मिळेल! २०१४ साली केनेथ गिब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतीच पीएच.डी. मिळवलेल्या १,५०० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत या उपेक्षित समाजांतील २७६ जण होते. (गोऱ्यांबरोबर आशियाई वंशाचे लोक, म्हणजे भारतातून जाऊन तेथे स्थायिक झालेल्यांची मुलेही, पुरेसे प्रतिनिधित्व असलेल्या गटात मोडतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.) संशोधनप्रधान विद्यापीठात प्राध्यापक होण्याची ओढ पदवी हाती येईपर्यंत सर्वच गटांत ओसरली होती, पण सारखी नव्हे. अशी तीव्र ओढ असण्याचे शक्यता-गुणोत्तर प्रस्थापित गटातील पुरुषांसाठी १ धरले, तर त्याच गटातील स्त्रियांचे ०.६४, उपेक्षित पुरुषांचे ०.६० आणि उपेक्षित स्त्रियांचे अवघे ०.४६ भरले.

यावर कोणी म्हणेल, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. परंतु हे गणित मांडताना प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, प्राध्यापकांचा पाठिंबा, स्वतःच्या संशोधनक्षमतेवरील विश्वास, इतकेच नव्हे तर प्रवेशाच्या वेळची ओढही हिशेबात घेतलेली होती. ती आठवणीवरून सांगितलेली, हा दोष मान्य करूनही प्रश्न उरतोच. उडी तितकीच उंच असताना वेलीकडे पाठ का फिरते?

उत्तराचा एक धागा २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सापडतो. शिक्षण, पूर्वीचे पुरस्कार व शोधनिबंध जमेस धरूनही राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे संशोधन-अनुदान मिळण्याची कृष्णवर्णीय अर्जदारांची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी आढळली. आणि अनुदानावाचून प्रयोगशाळा चालत नाही. शिवाय पीएच.डी.नंतरची कित्येक वर्षे मुदतीच्या करारावर, तुटपुंज्या वेतनात काढावी लागतात. स्त्रियांच्या बाबतीत ती बहुधा मुले होण्याचीच वर्षे. हे सारे डोळ्यांसमोर असताना एखादी तरुणी दुसरी वाट धरते, आणि तिच्या नावापुढे 'स्वेच्छेने' अशी नोंद होते. अनुदानांचे निर्णय, कराराच्या अटी, वेतन आणि पाळणाघरे या नोंदीत कोठेच येत नाहीत.