सुलभ प्रसूतीचे श्रेय कोणाचे?



मराठीत बाळंतपणासाठी दोन क्रियापदे आहेत. बाई एक तर ‘अडते’, नाहीतर ‘सुटते’. अडलेल्या बाळंतिणीची हकीकत गावभर होते. सुटलेलीची कोणी चर्चा करीत नाही. परंतु जिने शेकडो बाळंतपणे केली त्या सुईणीच्या अनुभवात सुटलेल्यांचीच संख्या फार मोठी असते. पहिलटकरणीला बारा-पंधरा तास लागणे स्वाभाविक असते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बहुधा त्याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो. कधी कधी तर पहाटे कळा सुरू होतात आणि चुलीवरचे पाणी तापते न तापते तोच मूल रडू लागते. या साध्या अनुभवातून आपल्या समाजाने दोन निष्कर्ष काढले. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्हींच्या मागे हितसंबंध उभे आहेत.

पहिला निष्कर्ष मालकवर्गाच्या सोयीचा आहे. ‘कष्टकरी बाई चटकन बाळंत होते आणि लगेच कामाला लागते’ हे वाक्य कौतुकाच्या सुरात बोलले जाते. प्रत्यक्षात त्या कौतुकातून रजेचा, मजुरीचा आणि औषधपाण्याचा खर्च वाचवला जातो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो. उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणून नवव्या महिन्यातही स्त्री फडात मोळ्या उचलते आणि कोपीत बाळंत होते. ती लगेच उठते ते बाळंतपण सोपे झाले म्हणून नव्हे. उठली नाही तर हिशेब जुळत नाही, म्हणून.

शिवाय झटपट झालेली प्रसूती म्हणजे निर्धोक प्रसूती नव्हे, हे सुईणीइतके कोणाला ठाऊक असते? फार वेगाने मूल बाहेर आले तर अंग फाटते, गर्भाशय नीट आकसत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. वार पडून रक्त आटोक्यात आल्याची खात्री होईपर्यंत जाणती सुईण जागची हलत नाही, ती यामुळेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. धडधाकट स्त्री जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढाच अशा स्त्रीच्या जिवावर बेततो. कोणती बाई सुटेल आणि कोणती अडेल हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून गाडी, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय प्रत्येकीच्या आवाक्यात हवी.

दुसरा निष्कर्ष बाजाराच्या सोयीचा आहे. बाळंतपण म्हणजे संकटच, तेव्हा सुरी हाच सुरक्षित मार्ग, असे मध्यमवर्गाच्या मनावर बिंबवले गेले. त्याच पाहणीनुसार खाजगी रुग्णालयांतील सुमारे 47 टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी रुग्णालयांत सुमारे 14 टक्के. वय, आजार, स्त्रीची स्वतःची इच्छा ही कारणे जमेस धरली, तरी एवढी तफावत केवळ निसर्गाने निर्माण केली असे कोणी म्हणणार नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने गोष्ट सरळ आहे. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते आणि तिचे बिल मोठे होते. चौदा तास धीराने वाट पाहण्याला बाजारात भाव नाही. शस्त्रक्रियेने जीव वाचतात, हे निर्विवाद. पण जिला तिची गरज आहे ती दुर्गम पाड्यावर राहते आणि जिला गरज नाही ती शहरात पैसे मोजते, ही बाजाराची वाटणी आहे.

वाट पाहणे हेच तर सुईणीचे खरे कौशल्य. बाईला हिंडू-फिरू देणे, घोटभर पाणी देणे, बसून वा उकिडवे कळा देऊ देणे, भीती घालवणे आणि शेवटपर्यंत जवळ राहणे, एवढे ती करते. सतत कोणी सोबत असेल तर कळांचा काळ कमी होतो आणि शस्त्रक्रियाही कमी लागतात, असे अनेक देशांतील चाचण्यांत दिसून आले आहे. दर तासाला ठराविक प्रगती झालीच पाहिजे हा हट्ट सोडावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितले. मात्र हे ज्ञान जपणारी सुईण पुष्कळ ठिकाणी दलित समाजातली. नाळ कापण्यापुरती तिची गरज. एरवी तिचा विटाळ. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य नि एखादे लुगडे.

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण 2004-06 मध्ये 254 होते, ते 2018-20 मध्ये 97 वर आले. या घटीत दवाखान्यांचा वाटा मोठा आहे. मागे फिरण्याचा प्रश्नच नाही. परंतु सुईणीचे काम गेले आणि तिचे कौशल्य दवाखान्याच्या दाराबाहेर राहिले. आत मात्र बाई पाठीवर झोपवलेली, सोबतीण बाहेर आणि वर परिचारिकेचा ओरडा, असे दृश्य अजूनही विरळ नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आणि जामखेडला आरोळे दांपत्याने गावातल्या स्त्रियांना शिकवून आरोग्यसेवेत उभे केले. तो मार्ग सरकारला अपरिचित नव्हता.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिकाळातील विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याचे मांडले. 1961 मध्ये देशव्यापी कायदा झाला. 2017 मध्ये रजा 26 आठवड्यांवर गेली. फडातल्या स्त्रीपर्यंत मात्र ती पोहोचली नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी मागण्या स्पष्ट ठेवाव्यात. असंघटित स्त्रीला पगारी विश्रांती मिळावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित प्रसविका असावी. केंद्र सरकारने 2018 मध्येच तिच्यासाठी अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आहे. प्रसूतिगृहात सोबतिणीचा हक्क मान्य व्हावा आणि जुन्या सुईणींना मानधनासह त्या कामी घ्यावे. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या शस्त्रक्रियांचे आकडे दर्शनी फलकावर लावावेत.

सुलभ प्रसूती ही दैवाची देणगी अंशतःच असते. उरलेला भाग पोटभर अन्नाचा, विश्रांतीचा आणि धीर देणाऱ्या हाताचा असतो. तो भाग समाजाच्या हातात आहे; म्हणूनच तो राजकारणाचा विषय आहे.