अमननं नैनाला विचारायला हवं होतं



‘कल हो ना हो’ हा सिनेमा २००३च्या नोव्हेंबरात आला. निखिल अडवाणी यांचं दिग्दर्शन, करण जोहर यांची कथा. न्यूयॉर्कमध्ये नैनाच्या शेजारी अमन राहायला येतो. बुडायला आलेलं तिच्या आईचं हॉटेल चालतं करतो, घरातल्या भांडणात मध्ये पडतो, सगळ्यांना हसवतो. आपणही पोट धरून हसतो. मग कळतं की त्याचं हृदय आता फार दिवस साथ देणार नाही. २०२४मध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरांत लागला. आणि आमच्या गोरेगावात तो टीव्हीवर लागला, की सोयाबीन निवडत बसलेल्या बायांचे हात आजही थांबतात. मी हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावाबद्दल बोलतोय. चित्रनगरीचं गोरेगाव मुंबईत. तिथे सिनेमे बनतात, आमच्याकडे ते मनापासून बघितले जातात.

प्रेमाच्या हसऱ्या गोष्टीत मोठा आजार आला, की समीक्षक दोन आक्षेप हमखास घेतात. विनोद आणि मरण यांची मोट बांधता येत नाही, हा एक. प्रेक्षकाला रडवायचं म्हणून आजार वरून चिकटवला, हा दुसरा. ‘कल हो ना हो’च्या वाट्याला दोन्ही आले, आणि सोबत हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’शी तुलनाही आली.

पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही. ज्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून रात्री काढल्यात, त्यांना विचारा. तिथे जितकं हसू असतं तितकं लग्नघरातही नसतं. औषधानं केस गेलेल्या नवऱ्याला ‘कटिंगचे पैसे वाचले’ असं बायकोच म्हणते, आणि आधी हसतो तो नवराच. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नर्सबाईंशी रोज नवं भांडण काढतो, कारण भांडलं की त्याला बरं वाटतं. हृषीकेश मुखर्जींना हे कळलं होतं. १९७१च्या ‘आनंद’मध्ये नायक आपल्या आजाराचं ते लांबलचक इंग्रजी नाव एखादा किताब मिळाल्यासारखं घेतो. त्या सिनेमात आपली माणसं किती आहेत बघा. रमेश देव आणि सीमा देव हे खरोखरचं जोडपं त्यात डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची पत्नी झालंय, ललिता पवार शिस्तीच्या मेट्रन आहेत, दुर्गा खोटे आहेत. कुलकर्ण्यांच्या घरातली ती थट्टामस्करी काढून टाका. आनंदचं मरण आहे त्याच्या निम्मंही भिडणार नाही.

दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. या सिनेमांत आजार असतो, पण आजाराचा खर्च नसतो. कुणी रिपोर्टची पिशवी सांभाळत नाही, कुणाची मजुरी बुडत नाही. पण त्यावर मी थांबणार नाही, कारण आमच्या गावच्या प्रेक्षकांनी याहून मोठी गोष्ट पकडली आहे.

बाया रडतात, आणि रडून झाल्यावर बोलतात. आमच्या शेजारच्या काकू डोळे पुसता पुसता म्हणाल्या, “त्यो मरनारच व्हता, मान्य. पन तिला काहून इचारलं नाही?”

मी वाचलेल्या एकाही समीक्षेत हा प्रश्न नव्हता. अमनचं नैनावर प्रेम आहे, नैनाचं अमनवर. तो मात्र आपलं लग्न झालंय असं तिला खोटंच सांगतो. आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर प्रियालाच बायको म्हणून पुढे करतो. मग नैनाच्या मित्राला, रोहितला हाताशी धरून नैनाचं मन त्याच्याकडे वळवायची योजना आखतो. योजनेतले प्रसंग गमतीचे आहेत आणि अमन झालेल्या शाहरुख खाननं ते जीव ओतून केलेत. पण यात नैनाचं पुढचं सगळं आयुष्य ठरत असतं, आणि ते ठरवताना एकटी नैनाच हजर नसते. खरं तिला कळतं तेही अमनकडून नाही, प्रियाच्या खऱ्या नवऱ्याशी गाठ पडल्यावर. याला सिनेमा त्याग म्हणतो, आणि बहुतेक समीक्षकांनीही तो त्यागच मानला.

आमच्या भागात ही लपवाछपवी पडद्यावरची नाही, घराघरातली आहे. नांदेडहून किंवा संभाजीनगरहून रिपोर्ट येतो. तो थोरला मुलगा वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो. आईला सांगतात, पोटात जखम आहे, गोळ्यांनी बरी होईल. ज्या बाईच्या शरीरात तो आजार आहे, तिला सोडून साऱ्या भावकीला माहीत असतो. पोरीचं जमायचं असेल तर बापाचं दुखणं सोयरिकीपासून झाकतात. पोरीच्याच हृदयाची झडप खराब असेल तर त्याहून जास्त झाकतात. लग्नानंतर ते उघडं पडतं आणि पोर माहेरी येऊन बसते. हे सगळं मायेपोटीच करतात, अमनसारखंच. म्हणून काकूंचा प्रश्न मला रिकामपणाचा वाटत नाही. तो सोसलेल्या माणसाचा प्रश्न आहे.

याचं उत्तर हृषीकेश मुखर्जींनीच ‘आनंद’नंतर चार वर्षांनी देऊन ठेवलंय. १९७५च्या ‘मिली’त आजारी आहे ती मुलगी, जया भादुरी. हसरी, पोरांत रमणारी मिली. वरच्या मजल्यावर राहणारा शेखर आधी चिडका, दारूत बुडालेला. तिचा आजार कळल्यावर तो दूर निघून जायला बघतो, आणि मग सगळं माहीत असून तिला लग्नाचं विचारतो. तीही सगळं माहीत असूनच हो म्हणते. दोघं उपचारांसाठी विमानानं परदेशी जातात. ती बरी होईल की नाही हे सिनेमा सांगत नाही, आणि ते सांगायची गरजही पडत नाही. हीच जया पुढे ‘कल हो ना हो’मध्ये नैनाची आई झाली. २०२०च्या ‘दिल बेचारा’तही नायक आणि नायिका दोघं एकमेकांचा आजार ओळखून होते. पण त्याचा नायक सुशांतसिंह राजपूत गेल्यानंतर चाळीस दिवसांनी तो आला. प्रेक्षकांनी तो श्रद्धांजली म्हणून बघितला आणि बऱ्याच समीक्षकांनीही तसंच लिहिलं. त्या दिवसांत दुसरं काय होणार होतं?

‘कल हो ना हो’तल्या डॉक्टर प्रियाची भूमिका आपल्या सोनाली बेंद्रे यांनी केली होती. न्यूयॉर्कमध्ये राहून रोग्याचं गुपित राखणारी डॉक्टर. २०१८मध्ये सोनालीताईंना स्वतःलाच पसरलेला कर्करोग असल्याचं निदान झालं, आणि उपचारांसाठी त्या न्यूयॉर्कलाच गेल्या. त्यांनी काही लपवलं नाही. आपण होऊन जाहीर केलं, केस गेलेले फोटो लोकांसमोर ठेवले, हसत ठेवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या मुंबईला परतल्या आणि पुढे कामालाही लागल्या. आमच्याकडच्या पोरींनी ते फोटो एकमेकींना दाखवले. एखाद्या आईनं त्यानंतर आपल्या छातीतली गाठ मुलीला बोलून दाखवली असेल, तर मला त्याचं मोल कुठल्याही पुरस्काराहून जास्त वाटतं.

मला आता एक मराठी सिनेमा बघायचाय, आणि तो हसवणाराच हवा. नायिका हिंगोली जिल्ह्यातली असावी. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं ती परळच्या टाटा हॉस्पिटलला निघावी. डब्यात बर्थवरून भांडण व्हावं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नळावरच्या रांगेत तिची एका मुलाशी गाठ पडावी. तो आपल्या वडिलांना घेऊन आलेला. दोघांत चेष्टा व्हावी, चहा व्हावा. तिनं आपला आजार, पुढचे उपचार, मूल होईल की नाही ही शंका, सगळं त्याला दुसऱ्याच भेटीत सांगून टाकावं. त्यानं लगेच हो म्हणू नये. विचार करायला दोन दिवस मागावेत, आणि तिनं ते द्यावेत. मध्यंतरानंतरचा सगळा सिनेमा त्या दोन दिवसांवर असावा.